डोकावून जाण्याचा हक्क

रोममधल्या पँथिऑन या प्राचीन घुमटाच्या इमारतीत शिरायला ३ जुलै २०२३ पासून पाच युरोंचं तिकीट लागतं. आपले साधारण पाचशे रुपये. युरोपच्या सहलीवर माणशी दोन-तीन लाख घालवणाऱ्याला, शेंगेन व्हिसाचेच नव्वद युरो आधी मोजून बसलेल्याला, ही रक्कम खिजगणतीतही नाही. त्यामुळे या तिकिटाला विरोध करणारा माणूस एक तर चिकट असणार नाहीतर भाबडा, असं कोणालाही वाटेल. तरी माझं म्हणणं असं की हे तिकीट चुकलं. पैसे जरूर घ्यावेत, पण ते या दारात घेऊ नयेत.

पँथिऑन उभं कुठे आहे, इथून सुरुवात करावी लागेल. कलोसियम कसं गावापासून अंतर राखून, आपला तोरा सांभाळत उभं आहे. पँथिऑनचं तसं नाही. पियाझ्झा देल्ला रोतोंदा नावाच्या एका बेताच्या चौकात ते अक्षरशः दाटीवाटीने बसलंय. समोर कारंजं, कारंज्यावर इजिप्तहून आणलेला ओबेलिस्क, म्हणजे उंच निमुळता दगडी स्तंभ, भोवती कॉफीची दुकानं. मंडपाचे सोळा खांबही इजिप्तच्याच ग्रॅनाइटचे. दुपारी ऊन तापलं की त्या खांबांच्या सावलीत लोक नुसते टेकून उभे असतात. खांब ओलांडले की ब्राँझची प्रचंड दारं, आणि दारांच्या आत लगेच घुमट. ना पटांगण, ना बाग, ना फाटक. रस्त्यावरून चालता चालता माणूस एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या रोममध्ये पाऊल टाकतो.

मंडपाच्या कपाळावर मोठ्या अक्षरांत कोरलंय की हे मार्कस अग्रिप्पाने बांधलं. ते खरं नाही. अग्रिप्पाने बांधलेली वास्तू जळून गेली. आज दिसते ती सम्राट हेड्रियनच्या कारकिर्दीत, इ. स. १२५ च्या आसपास पुरी झाली. नाव मात्र त्याने जुन्या माणसाचंच ठेवलं. (देवळाच्या पायऱ्या-पायऱ्यांवर देणगीदारांची नावं वाचत वर जायची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना या गोष्टीचं कौतुक जरा जास्तच वाटतं.) घुमटाचा व्यास ४३.३ मीटर, आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच. यात लोखंडाची एक सळई नाही. खालच्या थरांत जड दगडाची खडी घातलेलं काँक्रीट, वर जाता जाता ते हलकं होत गेलेलं, आणि माथ्याशी प्युमिस, म्हणजे पाण्यावर तरंगणारा ज्वालामुखीचा दगड. बिनसळईच्या काँक्रीटचा एवढा मोठा घुमट जगात पुन्हा कोणी बांधला नाही. माथ्यावर आठ-नऊ मीटरचं गोल भोक आहे, कायमचं उघडं. पाऊस सरळ आत येतो, फरशीवर पडतो आणि फरशीतल्या लहान लहान छिद्रांतून निघून जातो.

या भोकातून येणारा उन्हाचा गोल म्हणजे पँथिऑनमधली सर्वांत बघण्यासारखी गोष्ट. तो दिवसभर सरकत असतो. सकाळी एका भिंतीवर, दुपारनंतर समोरच्या. हिवाळ्यात सूर्य खालून जातो, तेव्हा हा गोल वरच्यावर, घुमटाच्या आतल्या चौकोनी खळग्यांवरून फिरतो आणि जमिनीकडे फिरकतच नाही. उन्हाळ्यात तो फरशीवर उतरतो. आणि २१ एप्रिलच्या सुमारास, म्हणजे रोम शहराच्या परंपरागत वाढदिवसाला, भर दुपारी बरोबर दारात येऊन पडतो. ढगाळ दिवशी यातलं काहीच नसतं. मग नुसता राखाडी उजेड, आणि पाऊस असेल तर मधल्या फरशीवर ओला वाटोळा डाग, त्याच्याभोवती लावलेली दोरी.

अशी इमारत एका बैठकीत तासभर बघून संपवण्यातली नाही. ती दहा वेळा दोन-दोन मिनिटं बघण्यातली आहे. पुण्यात दगडूशेठच्या समोरून जाणारा माणूस स्कूटरचा वेग कमी करतो, एक हात छातीशी नेतो आणि पुढे निघतो. त्याला आपण ‘दर्शन घेतलं’ असंच म्हणतो, आणि बरोबर म्हणतो. पँथिऑनमध्ये हे चालायचं. बाजाराची पिशवी हातात घेऊन, मुलाला शाळेतून आणताना, पाऊस आला म्हणून, किंवा पाऊस आत कसा पडतो ते बघायला म्हणून माणूस आत शिरायचा आणि बाहेर पडायचा. परगावचा पाहुणाही दोन दिवसांच्या मुक्कामात सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा जाऊ शकायचा. तिकीट आलं आणि हा प्रकार मोडला. आता वेळ निवडायची, पैसे भरायचे, कोड दाखवायचा, आत गेलं की पैसे वसूल होईपर्यंत थांबायचं आणि मग ‘पँथिऑन झालं’ म्हणून यादीवर खूण करायची. पाच युरो भरून दोन मिनिटांत बाहेर पडायला मन धजत नाही, आणि संध्याकाळी पुन्हा पाच युरो भरायला तर मुळीच नाही.

यावर ठरलेलं उत्तर असं की रोमच्या रहिवाशाला प्रवेश फुकटच आहे. ते खरं आहे. अठरा वर्षांखालच्यांनाही फुकट आहे, आणि प्रार्थनेसाठी येणाऱ्यांनाही. कागदावर व्यवस्था माणुसकीची दिसते. पण ‘फुकट’ आणि ‘मोकळं’ यांत फरक आहे. रोमकराला आता ओळखपत्र काढावं लागतं, रांगेत थांबावं लागतं, आणि आपण रोमकर आहोत हे दारावरच्या माणसाला पटवावं लागतं. एवढं केल्यावर येता-जाता डोकावणं राहिलं कुठे? शिवाय रोमकर म्हणजे नेमकं कोण? रोज सकाळी रोमजवळच्या टिव्होली गावाहून गाडीने येऊन याच चौकातल्या हॉटेलात कपबश्या विसळणारी बाई रोमची रहिवासी नाही. रोममध्ये बांगलादेशी मोठ्या संख्येने आहेत. त्यांतला एखादा पाचजणांत एक खोली करून राहत असेल आणि घरमालकाने त्याची नोंदणी करू दिली नसेल, तर तोही कागदोपत्री रोमकर नाही. जो वर्षभर या चौकात घाम गाळतो त्याने पाच युरो मोजायचे आणि जो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो, वर्षातून एकदा इकडे येतो, त्याला फुकट. कागद पाहून सवलत दिली की असंच होणार.

प्रार्थनेची सवलत त्याहून अवघड. पँथिऑन हे चर्च आहे, आणि ते आजकालचं नव्हे. ६०९ साली फोकास या सम्राटाने ही इमारत पोप चौथा बोनिफेस याला दिली आणि तिचं संत मारिया व हुतात्म्यांचं चर्च झालं. चित्रकार राफाएल १५२० मध्ये इथेच पुरला गेला. एकत्रित इटलीचे पहिले दोन राजेही इथेच आहेत. रोमन काळातल्या बाकीच्या इमारतींचं काय झालं ते बघा. कलोसियमचा दगड शतकानुशतकं लोक खाणीतून काढावा तसा काढून नेत होते. फोरममधली, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकातली, देवळं बसली, त्यांवर माती चढली, गुरं चरू लागली. पँथिऑन अखंड राहिलं, कारण त्यात लोकांचं जाणं-येणं चालू होतं. आसपासची माणसं तिथे प्रार्थना करत, लग्नं लावत, आपले मृत पुरत. वापरामुळे जी वास्तू वाचली तिचा वापर मोडून तिचं जतन करायला निघणं मला विचित्र वाटतं. आणि प्रार्थनेला आलेला कोण आणि घुमट बघायला आलेला कोण, हे दारावरचा कर्मचारी ठरवणार कसं? मिसाच्या, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेच्या, वेळी सोपं आहे, घड्याळाकडे बघून ठरवता येतं. पण भर दुपारी कोणा म्हातारीला सहज येऊन कोपऱ्यात पाच मिनिटं बसावंसं वाटलं तर? भक्ती वेळापत्रकात बसवली की ती दाखवायची गोष्ट होते.

आता दुसरी बाजू. तिची थट्टा करून चालणार नाही. पँथिऑन ही इटलीतल्या सर्वाधिक गर्दीच्या जागांपैकी एक आहे. एवढ्या लोकांच्या श्वासाची वाफ, पायांची झीज, भिंतींना लागणारे हात, सुरक्षारक्षक, साफसफाई, या सगळ्याला पैसा लागतो, आणि तो फक्त इटलीच्या करदात्याने भरावा असं म्हणणं न्यायाचं नाही. तिकिटाच्या उत्पन्नाचे ७० टक्के सांस्कृतिक मंत्रालयाला आणि ३० टक्के रोमच्या धर्मप्रांताला, म्हणजे शहरातल्या कॅथलिक चर्चच्या संघटनेला, जातात. धर्मप्रांताने आपला वाटा दानधर्मासाठी आणि चर्चच्या देखभालीसाठी वापरायचा असा करार आहे. यात लुटालूट काही नाही. कल्पनाही नवी नाही. २०१७ च्या अखेरीस तेव्हाच्या मंत्र्यांनी दोन युरोंचं तिकीट जाहीर केलं होतं. पुढच्या वर्षी सरकार बदललं, नव्या मंत्र्यांनी ते रद्द केलं, आणि त्यानंतरच्या सरकारांपैकी एकाने पाच युरोंवर नेऊन अमलात आणलं.

तसं पाहिलं तर या इमारतीतून काहीतरी वसूल करण्याची परंपरा फार जुनी. ६६३ मध्ये बायझंटाइन सम्राट दुसरा कॉन्स्टन्स रोमला आला आणि जाताना घुमटावरचे सोन्याच्या मुलाम्याचे ब्राँझचे पत्रे उतरवून घेऊन गेला. हजारेक वर्षांनी, १६२५ च्या सुमारास, पोप आठवा अर्बन याने मंडपाच्या छतातलं ब्राँझ काढून तोफा ओतायला दिलं. हा पोप बार्बेरिनी घराण्यातला. ‘रानटी टोळ्यांनी जे केलं नाही ते बार्बेरिनींनी केलं,’ ही रोमकरांची म्हण तेव्हाची. त्या मानाने पाच युरो घेऊन पावती देणारं मंत्रालय फारच सभ्य म्हणायचं.

पण पैसा हवा असेल तर तो रोमला येणाऱ्यांकडून आधीच घेतला जातोय. शहरात मुक्काम करणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला रात्रीमागे कर द्यावा लागतो, आणि पंचतारांकित हॉटेलात तो माणशी दहा युरोंपर्यंत जातो. जो ऐपतीने जास्त तो जास्त भरतो, जो साध्या वसतिगृहात उतरतो तो कमी भरतो. दारात रांग लागत नाही, ओळखपत्र लागत नाही, टिव्होलीच्या बाईला काही भरावं लागत नाही. अडचण इतकीच की हा कर महापालिकेच्या तिजोरीत जातो आणि पँथिऑन केंद्र सरकारचं आहे. दोन सरकारी खात्यांनी आपसात हिशेब करायचा सोडून जगभरच्या माणसांना दारात अडवायचं, हा प्रकार आपल्याला परका नाही, म्हणून तो पटकन पटतो. पटायला नको.

तिकिटाने गर्दी आटोक्यात येते, हाही दावा तपासून घ्यावा. कलोसियमला तिकीट आहेच, आणि वेळाही ठरलेल्या आहेत. तिथे काय झालं? स्वस्त तिकिटं उघडताक्षणी स्वयंचलित प्रणालींनी उचलली जायची आणि साध्या माणसाला तीच तिकिटं गाइड, पिकअप वगैरे जोडून कितीतरी महाग घ्यावी लागायची. एप्रिल २०२५ मध्ये इटलीच्या स्पर्धा आयोगाने तिकीटविक्री सांभाळणाऱ्या संस्थेला आणि सहा पर्यटन कंपन्यांना मिळून जवळपास दोन कोटी युरोंचा दंड ठोठावला. त्याआधीच काळाबाजार थांबवायला तिकिटावर नाव छापण्याची पद्धत आणावी लागली होती. जिथे तिकीट येतं तिथे तिकिटाचा दलाल येतो. मोकळ्या दाराचा काळाबाजार करता येत नाही.

गर्दीला आवर घालायचे इतर मार्ग युरोपातच आहेत. बर्लिनमध्ये जर्मन संसदेच्या राइश्टाग या इमारतीवर वास्तुरचनाकार नॉर्मन फॉस्टर यांनी बांधलेला काचेचा घुमट १९९९ पासून लोकांसाठी उघडा आहे. एक पैसा पडत नाही, फक्त आधी नाव नोंदवावं लागतं. अर्थात ही रीत पँथिऑनला लागू पडणार नाही. संसदेच्या माथ्यावर चढताना नावगाव विचारलं तर ते समजू शकतं, पण चौकातल्या चर्चला ते शोभत नाही, आणि नोंदणीनेही डोकावणं मरतंच. पॅरिसचं उदाहरण जास्त जवळचं. १५ एप्रिल २०१९ च्या आगीनंतर नोत्र दाम हे चर्च पुन्हा बांधायला जगभरातून ८४ कोटी युरोंहून जास्त देणग्या आल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये, चर्च पुन्हा उघडायला दोन महिने असताना, फ्रान्सच्या सांस्कृतिक मंत्री राशिदा दाती यांनी सुचवलं की पर्यटकांकडून पाच युरो घ्यावेत आणि त्यातून देशभरातली मोडकळीला आलेली चर्च वाचवावीत. हेतू चांगला होता. पण पॅरिसच्या धर्मप्रांताने ठाम नकार दिला. आत येणाऱ्यांत यात्रेकरू कोण आणि पर्यटक कोण अशी निवड आम्ही करणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. १९०५ च्या, चर्च आणि शासन वेगळं करणाऱ्या कायद्याची बाजूही त्यांच्याकडे होती. आज नोत्र दाममध्ये वेळ आधी राखता येते, तीही फुकट, आणि न राखता आलेल्यांसाठी साधी रांग आहे. रांग लांब असते, पण ती हलते.

रोममध्येच, नदीपलीकडच्या व्हॅटिकनमध्ये, संत पीटरच्या बॅसिलिकात जायला आजही पैसे पडत नाहीत, फक्त घुमटावर चढायचं तर पडतात. म्हणजे पोपच्या स्वतःच्या चर्चचं दार मोकळं, आणि सरकारच्या मालकीच्या चर्चच्या दारात गल्ला.

आपल्याकडे बोट दाखवल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्यांसाठी तिकीट २२ वरून ३२ युरो केलं. यावर आपली मंडळी भेदभाव म्हणून ओरडू लागली, तर त्यांनी वेरूळ-अजिंठ्याच्या खिडकीवरचा फलक आठवावा. भारतीयांना ४० रुपये, परदेशी पाहुण्याला ६००. तिकडे दीडपट, इकडे पंधरापट. याबाबतीत तरी आपण युरोपला मागे टाकलंय. तरीही मला वेरूळचं तिकीट पँथिऑनइतकं खटकत नाही, कारण वेरूळला माणूस मुद्दाम जातो. भाजी घेऊन घरी जाताना वाटेत कैलास लेणं लागत नाही. कुंपणाआडच्या, ठरवून जायच्या जागेला तिकीट असणं वेगळं आणि रोजच्या वाटेवरच्या देवळाला असणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात आपणही मागे नाही. शिर्डीला पैसे भरून दर्शनाचे पास मिळतात, त्र्यंबकेश्वरला दोनशे रुपयांची वेगळी रांग आहे. फरक एवढाच की तिथे फुकटची धर्मदर्शनाची रांग शिल्लक ठेवलेली असते, भले ती कितीही तास खावो. पँथिऑनमध्ये परक्या माणसाला तेवढाही पर्याय उरत नाही. महिन्याचा पहिला रविवार इटलीतल्या सरकारी संग्रहालयांसारखा इथेही फुकट असतो, आणि त्या दिवशी जी झुंबड उडते ती पाहिली की महिनाभराचा मोकळेपणा एका दिवसात कोंबला की काय होतं ते कळतं.

मराठी सहलींना या तिकिटाचा अगदी व्यावहारिक फटका बसू शकतो. सहल कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘आतून पाहणे’ आणि ‘बाहेरून पाहणे’ असे दोन रकाने असतात. फुकट जागेत टूर मॅनेजर पंधरा मिनिटं देऊन चाळीस जणांना आत सोडू शकतो. तिकीट, आगाऊ नोंदणी, वेळेची अट आली की तीच जागा दुसऱ्या रकान्यात सरकायला वेळ लागत नाही. मग चौकात उभं राहून खांबांचा फोटो काढायचा, समोर जिलाटो खायचं आणि बसकडे निघायचं. पँथिऑन बाहेरून बघणं म्हणजे न बघणंच आहे. बाहेरून ती एक खांबांची, मागून विटांची, बोजड इमारत दिसते. जे आहे ते आत आहे.

पँथिऑननंतर काय, याचंही उत्तर आलं आहे. फेब्रुवारी २०२६ पासून त्रेवीच्या कारंज्याच्या काठाशी उतरायला पर्यटकांकडून दोन युरो घेतले जातात. म्हणजे इमारतही नाही, चक्क चौकातलं उघड्यावरचं पाणी. गंमत अशी की त्रेवीत लोक आपण होऊन पैसे टाकतात. दरवर्षी दहा लाख युरोंहून जास्त नाणी पाण्यातून काढून कॅरिटास या कॅथलिक सेवासंस्थेकडे जातात. न मागता लोक इतकं देतात, तिथे कठडा उभारून दोन युरो मागण्याची बुद्धी झाली.

माझ्या मते पँथिऑनबाबत करायचं ते अवघड नाही. गाइड घेऊन, झेंडी धरून, कानात यंत्र लावून येणाऱ्या व्यापारी गटांकडून पैसे घ्यावेत, पाचऐवजी दहा युरो घ्यावेत, आणि त्यांच्या वेळा ठरवून द्याव्यात. दार उघडल्यावरचा पहिला तास आणि बंद होण्याआधीचा शेवटचा तास गटांना मनाई असावी. एकट्यादुकट्याने येणाऱ्यासाठी साधी रांग, आत एका वेळी किती माणसं सोडायची त्याची मर्यादा, आणि बाहेर पडताना दानपेटी. कागदपत्र कोणालाच विचारू नये. जुलैत रांग चौकाबाहेर जाईल, हे खरं. जाऊ दे. उन्हात तासभर उभं राहायची तयारी नसलेला माणूस दुसरीकडे जाईल आणि गर्दी आपोआप थोडी हटेल. जानेवारीतल्या सकाळी तर रांग फारशी लागणारच नाही. मंत्रालयाचं उत्पन्न यात घटेल, तेही उघड आहे. किती घटलं ते मंत्रालयाने दरवर्षी छापावं आणि तेवढी रक्कम महापालिकेने मुक्कामाच्या करातून त्यांना द्यावी. दोघांची कार्यालयं एकाच शहरात आहेत, चर्चा करायला कोणालाही तिकीट काढावं लागणार नाही.